उचकीचं बिऱ्हाड

जीपच्या टपावर रक्षाची बॅग बांधली जात असताना अल्लीपूरच्या बाजारगल्लीत जेवढी माणसं गोळा झाली, तेवढी तिच्या वरातीलाही नव्हती. नवरात्र तोंडावर आलेलं, साड्यांचे गठ्ठे दुकानाच्या छताला टेकलेले, आणि प्रभाकररावांनी भर सकाळी शटर ओढून कुलूप लावलं होतं. घरातलं कोणी गेल्याशिवाय हे शटर पडत नाही, हे गावाला माहीत होतं. म्हणून कोण गेलं ते विचारायला लोक आले आणि सगळं घर धडधाकट जीपमध्ये चढताना पाहून जरा हिरमुसले.

"कुठं निघाले बाबूजी?" समोरच्या पानठेल्यावरून कोणीतरी विचारलं.

"वर्ध्याले," अनुसयाबाईंनी मधल्या सीटवरून सांगितलं. नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच देत असत. "लहान्या सुनेच्या उचकीचं पाहाले."

"सगळेच?"

"मंग काय तिले एकटीले धाडू? आमच्या घरी तसं नसते बाप्पा."

मागच्या आडव्या बाकावर डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली रीता, म्हणजे या घरची मोठी सून, पदराआड हसत होती. तिला हसू कुठेही येई आणि ते दाबताना खांदे हलत. पण मधूनमधून तिचे डोळे वर टपाकडे जात होते. डॉक्टरांकडून निघालं की जीप तशीच पुढे आंजीला न्यायची, रक्षाला माहेरी सोडायचं आणि 'तब्येत सुधरेपर्यंत' तिथेच राहू द्यायचं, असं सासऱ्यांनी काल जेवताना जाहीर केलं होतं. तब्येत सुधारेपर्यंत म्हणजे काय, हे रीताला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या माहेरी वडनेरला अशीच एक तब्येत सुधारेपर्यंत ठेवलेली बाई होती. तिचे केस आता पांढरे झाले होते.

"हिक्," समोर बसलेली रक्षा म्हणाली, आणि जीप सुरू झाली.

ही उचकी आखाडात लागली. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले. पहिल्या दिवशी तर घरात आनंदच झाला, कारण उचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय आणि ज्याचं नाव घेतल्यावर ती थांबेल तोच आठवण काढणारा. हा खेळ या घराला फार आवडे. अनुसयाबाईंनी रक्षाला पाटावर बसवलं आणि आंजीपासून सुरुवात केली. तिचे वडील वासुदेवराव मास्तर, आई, भाऊ, आत्या, मावश्या, शेजारपाजार, सगळे होऊन गेले. उचकी हटेना. मग अल्लीपूरची नावं झाली. शेवटी दमून अनुसयाबाई म्हणाल्या, "वडनेरचे बबनराव," आणि उचकी थांबली.

बबनराव हे रीताचे चुलत आजोबा. रक्षाला त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. निकेश, म्हणजे रक्षाचा नवरा, दिवसभर फुगून बसला. संध्याकाळी वडनेरला फोन लावून रीताच्या नवऱ्याने, नीलेशने, खुलासा मागितला तेव्हा बबनराव "हो, हो" म्हणाले. त्यांना ऐकू येत नसे आणि म्हणून ते सगळ्यालाच हो म्हणत, हे रीताने घरच्यांना पटवून देईपर्यंत उचकी परत सुरू झालेली होती.

त्यानंतर पाण्याचं निघालं. राखीला रक्षा आंजीला गेली आणि उचकी बंद. परतीच्या बसमधून अल्लीपूरच्या स्टँडवर उतरली आणि उचकी चालू. प्रभाकररावांनी निदान केलं, की तिला इथलं पाणी मानवत नाही. निकेश पंधरा दिवस मोटरसायकलवर आंजीच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणत होता. रक्षा आंजीचं पाणी पिऊन अल्लीपूरच्या उचक्या देत राहिली. मग हिंगणघाटला फोटो काढले, दुर्बीण घातली, गोळ्या झाल्या. पोटात काही नाही, घशात काही नाही. शेवटी एका डॉक्टरांनी वर्ध्याच्या शरयू मॅडमचं नाव सांगितलं. त्या मनाच्या डॉक्टर आहेत हे निकेशने घरी सांगितलं नाही. 'उचकीच्या स्पेशालिस्ट' एवढंच सांगितलं.

दोनदा तो रक्षाला घेऊन गेला. दुसऱ्या वेळी मॅडमनी त्याला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. मग त्याला आत बोलावून विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

निकेशने सांगितलं.

"पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन या."

हा निरोप ऐकून प्रभाकरराव खवळतील अशी सगळ्यांची खात्री होती. झालं उलटंच. घरातल्या कोणालाही एकट्याने डॉक्टरकडे पाठवायचं ही कल्पनाच त्यांना पटत नसल्याने, आजवर भेटलेल्या सगळ्या डॉक्टरांत हीच बाई त्यांना शहाणी वाटली.

*

जीप गावाबाहेर पडली तशी प्रभाकररावांनी पुढच्या सीटवरून मान न वळवता हाक दिली.

"रक्षा बेटा, त्याले विचार, शटरची खालची कडी लावली का म्हणा."

'त्याले' म्हणजे नीलेशला. नीलेश त्यांच्या मागच्याच सीटवर होता, इतका जवळ की बापाच्या मानेवरचे केस त्याच्या श्वासाने हलत होते.

"भाऊजी," रक्षा म्हणाली, "मामाजी विचारून राह्यले, कडी लावली का... हिक्."

"सांग त्याईले, लावली. मी का लहान आहो?"

"मामाजी, लावली म्हणते. लहान नाई... हिक्... म्हणते."

जीपमधल्या कोणालाही यात काही वेगळं वाटलं नाही. चालक रूपरावालाही नाही, कारण तो गावचाच होता आणि बाप आणि थोरला मुलगा गेली कित्येक वर्षं बोलत नाहीत हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. भांडण गादीवरून झालेलं. प्रभाकरराव माहूरला देवीला गेले असताना नीलेशने दुकानातली गादी उचलली. पांढऱ्याशुभ्र चादरीची ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली गादी. तिच्यावर प्रभाकररावांच्या वडिलांनी लुगडी उलगडली, त्यांनी स्वतः उलगडली, गिऱ्हाईक चपला काढून वर बसे आणि तासभर उठत नसे. नीलेशने तिच्या जागी काचेचं काउंटर केलं आणि बापासाठी नागपूरहून फिरती खुर्ची आणली. प्रभाकरराव परत आले, उंबऱ्यातून आत पाहिलं, आणि तिथेच उभ्या असलेल्या निकेशला म्हणाले, "त्याले विचार, गादी कुठं आहे." तेव्हापासून त्यांनी थोरल्याचं नाव घेतलेलं नव्हतं.

पण दुकान एक, घर एक, ताट वाढायची जागा एक. न बोलून भागायचं कसं? तेव्हा निरोप्या लागला. आधी निकेश होता. मग रीता लग्न होऊन आली तेव्हा घरातलं सगळ्यात नवं माणूस म्हणून ते काम तिच्याकडे आलं, पाणी भरण्याचं आलं तसंच. रक्षा आली, काम तिच्याकडे गेलं. बाकीच्या घरांत धाकटी सून भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मान वर करत नाही. या घरात ती त्यांच्याशी दिवसभर बोलत होती, फक्त त्यातलं एकही वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं.

रीताने पिशवी सावरली. रक्षा तिच्याकडे पाहून ओशाळवाणी हसली. पोरगी गोड होती. स्वयंपाकघरात दोघी असल्या की अख्ख्या घराच्या नकला करायची, सासूची तर अशी की रीताला ओट्याला धरून उभं राहावं लागे. गंमत म्हणजे नकला करताना तिला उचकी लागत नसे. ही गेली तर घर किती मुकं होईल, असं रीताच्या मनात आलं. आणि तिच्या पाठोपाठ दुसरा, जरा कमी चांगला विचार आला, की ही गेली तर निरोप कोण सांगणार. त्याचं उत्तर तिला माहीत होतं. डाव्या कानशिलाची शीर उगीचच जाणवली.

*

शरयू मॅडमचा दवाखाना बॅचलर रोडला एका बंगलीत होता. मॅडम ठेंगण्या, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलणं पुण्याकडचं. खोलीत एवढी माणसं शिरताना पाहून त्यांनी बाहेरून खुर्च्या मागवल्या. अनुसयाबाईंनी बसण्याआधी तिखट पुऱ्यांचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"गरम आहेत तवर खाऊन घ्या. उचकी कुठं पळून नाई जात."

कोणी कुठे बसावं हे कोणी सांगितलं नाही. तरी प्रभाकरराव दाराशी बसले, नीलेश खिडकीशी, आणि रक्षा बरोबर दोघांच्या मध्ये. मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे रीताने पाहिलं.

"आधीच सांगते," मॅडम म्हणाल्या, "मी अजून काही ठरवलेलं नाही. रक्षावर एकटीवर उपचार करायचे की तुम्हा सगळ्यांना मिळून बसवायचं, हे आज तुम्हाला भेटून ठरवणार आहे. रक्षा, उचकी जास्त कधी लागते?"

"सकाळी," अनुसयाबाई म्हणाल्या.

"दुकानातून जेवाले आलो का," निकेश म्हणाला.

"मी रक्षाला विचारलं."

रक्षाने तोंड उघडलं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद फडफडले.

"रक्षा, त्याले सांग, पंखा बंद कर," प्रभाकरराव म्हणाले. "मॅडमचे कागद उडून राह्यले."

पंख्याचं बटण नीलेशच्या डोक्यामागे होतं.

"भाऊजी, पंखा बंद करा म्हणते... हिक्."

"बाबूजींले सांग, आईले गरमते."

"मामाजी, आईंले... हिक्... गरमते म्हणते."

"मंग हळू कर म्हणा."

"भाऊजी... हिक्."

मॅडमचं लिहिणं थांबलं होतं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, आणि मधल्या खुर्चीकडे.

"हे असं रोज चालतं?"

"काय?" सगळ्यांनी मिळून विचारलं, आणि खरंच विचारलं.

मॅडमनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "रक्षा, तू इकडे माझ्या बाजूला येऊन बस. आणि आता कोणी काहीही सांगायला सांगितलं तरी सांगायचं नाही. मी सांगते म्हणून."

रक्षा उठली. मधली खुर्ची रिकामी झाली. पंखा फिरत होता, कागद फडफडत होते. प्रभाकररावांनी घसा साफ केला, मुलाकडे पाहिलं, म्हणजे मुलाच्या डोक्यावरच्या बटणाकडे पाहिलं, आणि सवयीने दुसरा माणूस शोधला.

"निकेश, त्याले सांग..."

"द... द... दा..." निकेश म्हणाला. बी.कॉम. झालेला, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी पटापट बोलणारा निकेश 'दादा' या शब्दाशीच अडला आणि त्याचे कान लाल झाले.

"जाऊ दे. रीता, त्याले सांग..."

आणि रीताच्या डाव्या कानशिलात ठणका उठला. जुना, ओळखीचा, डोळ्यामागे जाऊन बसणारा. एवढे दिवस कुठे होता आणि आज कसा पत्ता शोधत आला याचं तिला इतकं नवल वाटलं की ती उभीच राहिली. तिला हसू येत होतं. दुखत होतं आणि हसू येत होतं.

"मॅडम, मी बोलू का?"

"बोला."

"मी या घरी आली ना, तेव्हा या दोघाईचे निरोप मीच सांगत होती. अन् माह्यं अर्ध डोकं दुखे. सहा वर्षं दुखलं. एका वैद्यानं नाकात थेंब सोडले अन् ते थांबलं. आमी त्याले धोतरजोडी देल्ली." तिला हसू आवरेना. "थेंब सोडले तो महिना रक्षाच्या लग्नाचा होता मॅडम. ती आली, मी सुटली."

"रीता, बस खाली," नीलेश म्हणाला.

"थांबा हो. माह्याआधी निकेश भाऊजी निरोप सांगत होते. तेव्हा ते अडखळत बोलत. मी आली अन् त्याईची जीभ मोकळी झाली. आईनं माहूरले नवस फेडला. आपण थेंबाले मान देल्ला, देवीले मान देल्ला, आंजीच्या विहिरीले बी देल्ला. बरं कोणीच झालं नाई मॅडम. आमी नुसती पाळी बदलली."

ती खाली बसली. रक्षा तिच्याकडे टक लावून पाहत होती, जणू तिची स्वतःची नक्कल कोणीतरी हुबेहूब केली होती.

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "माझं ठरलं," त्या म्हणाल्या. "हे बघा, दरवेळी सगळ्या घराला बसवणं बरोबर नसतं. घरात कोणी मारत असेल, धाक असेल, तर त्या बाईला सगळ्यांसमोर बोलायला लावणं म्हणजे तिला परत वाघाच्या तोंडी देणं. म्हणून मी रक्षाला आधी एकटीला विचारलं. तसं काही नाही असं ती म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं. तिला आतून काही आजार असता, तर उचकी माहेरी गेल्यावर अशी थांबली नसती. पण आजार जेव्हा एकाला सोडतो आणि दुसऱ्याच्या अंगात राहायला जातो, तेव्हा तो एकट्याचा नसतो. तुमच्या घरात दुखणं बिऱ्हाड बदलत फिरतंय. तेव्हा उपचार घराचा. दर गुरुवारी सगळ्यांनी यायचं."

"म्हणजे औषध कोणाले?" प्रभाकररावांनी विचारलं.

"औषध कोणालाच नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं. आज, इथे, एकेक वाक्य. जे रक्षाच्या तोंडून सांगता आलं नसतं असं."

प्रभाकरराव उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा झटकला.

"उचकी तिले लागते अन् बोलू मी? चाला. जीप काढाले सांगा रूपरावले. आंजीले जाऊ."

रक्षाची मान खाली गेली. उचकीही आली नाही, हेच रीताला जास्त लागलं. मग निकेश उठला. या घरात तो बापापुढे कधी उठलेला नव्हता.

"म... मंग मी बी आंजीले राहीन," तो म्हणाला. अडखळला, पण म्हणाला.

"अन् मंग?" अनुसयाबाई जागेवरूनच बोलल्या. त्यांचा आवाज भाजीवालीशी बोलताना असतो तसा होता, शांत आणि न हटणारा. "मंग निरोप रीताकडे येईन. तिचं डोकं उठन. मंग तिले वडनेरले पोचवून द्या. राह्यली कोण, मी. मले काय होते कोणाले माहीत, पण होईन काई तरी. मले कुठं पोचवान? माह्या माहेरी तं आता कोणीच उरलं नाई."

रीताला सासूच्या हातातलं काहीतरी धरावंसं वाटलं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

प्रभाकररावांनी दाराकडे एक पाऊल टाकलं, परत आले. आणि दाराशेजारच्या नव्हे, मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसले. ते मुद्दाम बसले की जवळची म्हणून, हे रीताला पुढेही कधी कळलं नाही. तिथून नीलेश हाताच्या अंतरावर होता. त्यांनी खाली फरशीकडे पाहत सुरुवात केली.

"त्या फिरत्या खुर्चीवर बसलं का मले गरगरते," ते म्हणाले.

नीलेशने मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून. जरा गिऱ्हाइकाकडे वळलं का दुकान फिरते. गठ्ठे फिरते. मले वाटे, आता पडतो का काय. गिऱ्हाइकासमोर."

"मंग सांगाचं नाई का बाबूजी?"

"कोणाच्या तोंडून सांगू? नव्या सुनेले म्हणू का, जा, सांग त्याले, तुह्या सासऱ्याले चक्कर येते? म्हातारा झाला म्हणा?" त्यांचा आवाज फाटला. "बापाच्या गादीवर बसलं का कधी चक्कर नाई आली मले. तू तिले उचलून फेकून देल्लं."

नीलेशने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"बाबूजी, तुमी रोज कशावर झोपता?"

"दिवाणावर. आता यात काय?"

"दिवाणावर काय आहे?"

"गादी," प्रभाकरराव म्हणाले, आणि थांबले.

"तीच आहे. फेकाले जीव नाई झाला माह्या हातानं. फाडून बेतली, दिवाणाच्या मापाची केली. दर दिवाळीले पिंजून घेतो, तुमी दुकानात असता तेव्हा. मी म्हणलं, दुकानात नाई तं नाई, तुमच्या पाठीखाली तं राह्यन."

प्रभाकररावांच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही आलं आणि गेलं की त्यातलं राग कुठलं आणि रडू कुठलं हे सांगता आलं नसतं. शेवटी ते बायकोकडे वळले.

"तुले माहीत होतं?"

"खोळ कोणं शिवली मंग?" अनुसयाबाई म्हणाल्या. "दरसाल नवी शिवतो मी."

"अन् मले सांगतलं नाई?"

"मले कोणी निरोप सांगाले सांगतला नाई. माह्यी पाळी आलीच नाई ना."

आधी रक्षाचं हसू फुटलं. मग रीताचं. रीताने पदर तोंडात कोंबला तरी उपयोग झाला नाही, आणि तिच्या पाठोपाठ निकेश, आणि टेबलापलीकडे मॅडमनी चष्मा परत कपाळावर ढकलला आणि पुऱ्यांच्या डब्यात तोंड लपवायला मान खाली घातली. हसत नव्हते ते फक्त दोघे. ते भांडत होते. काउंटर ठेवायचं की काढायचं, गादी परत शिवता येईल का, तेव्हा विचारलं का नाही, विचारलं तर ऐकलं असतं का, सात-आठ वर्षांचं साचलेलं भांडण थेट, तोंडावर, मोठ्या आवाजात. मॅडमनी त्यांना अडवलं नाही. पंखा नीलेशने बोलता बोलता कधीच बंद केला होता.

*

अनुसयाबाई वर्ध्याहून गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, घेतल्याशिवाय परतत नसत. जीप बाजारात थांबली आणि परत निघाली तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक गोरसपाक होतं. प्रभाकरराव या वेळी पुढे बसले नाहीत. भांडण अर्धवट राहिलेलं असल्याने ते मधल्या सीटवर नीलेशच्या शेजारी येऊन बसले होते.

रीताचं डोकं थोडं दुखतच होतं. एका सकाळीत थांबेल असं तिला वाटलंही नव्हतं. रक्षालाही बाजारात एकदा उचकी लागली होती, बारीकशी. मॅडम म्हणाल्याच होत्या, एवढ्या वर्षांची सवय, चार गुरुवार लागतील, कदाचित जास्त. टपावर बॅग अजून बांधलेलीच होती.

आर्वी नाक्यावर रूपरावाने जीप हळू केली. उजवीकडे आंजीचा रस्ता होता.

"बाबूजी, आंजीकडे वळवू ना?"

रक्षाने बाहेर पाहायला सुरुवात केली. प्रभाकररावांच्या तोंडात गोरसपाक होतं, कोरडं, घाईने भरलेलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं:

"हिक्."

निकेश चमकला. अनुसयाबाईंचे डोळे लुकलुकले. "आठवण कोण काढून राह्यलं?" त्यांनी सवयीने सुरू केलं. "वासुदेवराव?"

"हिक्."

"बबनराव?"

"हिक्," प्रभाकरराव रागाने म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. पाण्याची बाटली नीलेशच्या पायाशी होती. त्यांनी ती पाहिली, आणि त्यांची नजर आपोआप रक्षाकडे गेली, तोंड उघडलं, आणि रक्षाचाही हात आपोआप बाटलीकडे निघाला.

रीताने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. रक्षा थांबली.

नाक्यावर मागून ट्रकने हॉर्न दिला. रूपराव आरशातून पाहत होता. प्रभाकररावांनी एकदा रक्षाकडे पाहिलं, एकदा रीताच्या मुठीकडे. मग ते शेजारी वळले.

"नीलेश," ते म्हणाले. "पाणी दे."

नीलेशने बाटली उचलली. त्याच्या हातातून झाकण निघेना, तो इतका वेळ ते फिरवत राहिला की शेवटी बापानेच ते काढून घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर प्रभाकररावांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि रूपरावाला म्हणाले, "उभा काऊन आहे? घरी घे. दुकान उघडाचं आहे."

जीप अल्लीपूरच्या रस्त्याला लागली. रीताने रक्षाचं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि रक्षानेही ते सोडवून घेतलं नाही.